चढ लागला की गिअर संपतात: काय तपासायचं, काय बदलायचं

"चढावर गिअर संपतात" ही तक्रार घेऊन आलेल्या इतक्या सायकली मी आजवर उघडून बसले आहे की आता दोन-चार प्रश्न विचारले तरी दुखणं कुठे आहे याचा अंदाज येतो. तक्रार एकच असते, कारणं वेगवेगळी. आणि जवळजवळ प्रत्येक जण येताना एक वाक्य बरोबर आणतो: "माझ्याच पायांत जोर नाही." हे वाक्य ऐकून मला खरंच वाईट वाटतं. बहुतेक वेळा पायांचा काही दोष नसतो. सायकलच्या चकत्यांवरचे दात त्या माणसासाठी आणि त्याच्या चढासाठी निवडलेलेच नसतात.

आधी लक्षणं

चढावर नेमकं काय होतं ते आठवून पाहा.

- सर्वांत हलक्या गिअरमध्ये असूनही बोट पुन्हा पुन्हा लिव्हर दाबत राहतं, अजून एखादा गिअर शिल्लक असेल म्हणून.
- बसून पाय फिरत नाहीत. हौस म्हणून नाही, नाइलाज म्हणून उभं राहावं लागतं.
- सरळ जाता येत नाही, रस्त्यावर नागमोडी वळणं घेत चढावं लागतं.
- मांड्या आधी भरून येतात, दम त्यानंतर लागतो.
- गुडघा पुढच्या बाजूने, वाटीभोवती दुखतो आणि सपाटीवर आलात की दुखायचा थांबतो.

यातलं चौथं लक्षण सर्वांत बोलकं आहे. पाय आधी हरले आणि श्वास अजून ठीक आहे, याचा अर्थ प्रत्येक फेऱ्याला पेडलवर गरजेपेक्षा जास्त जोर पडतोय. गिअर जड आहे. उलट पाय भराभर फिरताहेत आणि दम मात्र पार तुटलाय, तर तिथे गिअरचा प्रश्न नाही. तुम्ही तुमच्या ताकदीपेक्षा जास्त वेगाने चढताय. वेग कमी करा, एवढंच.

जोर लावला की चेन खटकन दातांवरून घसरत असेल, तर तो झिजेचा प्रश्न आहे, त्याबद्दल पुढे लिहिलंय. आणि सायकल सपाट रस्त्यावरही ओढल्यासारखी वाटत असेल, तर गिअरकडे वळायच्या आधी चाकांकडे पाहा.

आहे तो हलका गिअर तरी मिळतोय का?

याला पैसे लागत नाहीत, पाच मिनिटं लागतात, आणि तरी बहुतेक जण हे तपासतच नाहीत. सायकल उलटी करा किंवा मागचं चाक उचलून धरा. हाताने पेडल फिरवत पुढे सर्वांत लहान आणि मागे सर्वांत मोठ्या चकतीपर्यंत गिअर टाका. चेन खरोखर तिथे पोचते का, ते डोळ्यांनी पाहा. लिव्हर शेवटपर्यंत गेली म्हणजे चेनही गेली असं नसतं.

एक गृहस्थ नवी कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, घ्यायची म्हणून सायकल घेऊन आले होते. होती ती कॅसेट ११-३२ ची, म्हणजे सर्वांत लहान चकती ११ दातांची आणि सर्वांत मोठी ३२ ची. मी पेडल फिरवत लिव्हर दाबत गेले, तर चेन २८ दातांच्या चकतीवर येऊन थांबली आणि शेजारच्या चकतीला घासत नुसती किटकिट करत राहिली. मग वाकून पाहिलं. बाकीच्या सगळ्या चकत्यांवर काळं तेल बसलेलं, आणि ३२ ची चकती मात्र कोरी, नव्यासारखी चकचकीत. तो गिअर कधी वापरलाच गेला नव्हता! डिरेलरवर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागावर, 'एल' लिहिलेला स्क्रू पाव-पाव करत अर्धा फेरा सैल केला आणि चेन वर जाऊन बसली. नवी कॅसेट घ्यावी लागली नाही.

हा 'एल' स्क्रू चेनला आत स्पोकमध्ये जाऊ देत नाही, म्हणून तो महत्त्वाचा आणि म्हणूनच जपून फिरवायचा. एका वेळी पाव फेरा, मग पुन्हा तपासणी. जास्त सैल झाला तर चेन मोठी चकती ओलांडून स्पोकमध्ये पडते, आणि हे चढावर जोर लावलेला असताना झालं तर चाक जागीच अडकतं. स्क्रू सैल करूनही चेन चढत नसेल तर केबल ढिली आहे. केबल जिथे डिरेलरमध्ये शिरते तिथला गोल नॉब घड्याळाच्या उलट दिशेने अर्धा फेरा फिरवून पाहा.

आता सायकलच्या मागे उभं राहून डिरेलरकडे बघा. त्याच्या दोन छोट्या चाक्या वरच्या चकतीच्या बरोबर खाली, एका रेषेत हव्यात. खालची चाकी स्पोकच्या दिशेने आत झुकलेली दिसली तर हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जिथे जोडलेला असतो तो तुकडा, वाकलाय. इथे थांबा. हँगर सरळ करायला मापाचं खास हत्यार लागतं. हाताने वाकवायला गेलात तर ॲल्युमिनियम तडकतं. मेकॅनिककडून सरळ होईपर्यंत सर्वांत हलका गिअर टाकूसुद्धा नका.

आणखी एक फुकटची गोष्ट: गिअर चढाच्या आधी टाका. पाय जड झाल्यावर टाकलेला गिअर नीट पडत नाही, कारण पूर्ण ताणातली चेन बाजूला सरकायला तयार नसते. चढाच्या मधोमध बदलायचाच असेल तर अर्धा फेरा पायाचा जोर हलका करा आणि त्याच क्षणी लिव्हर दाबा.

चाक, सीट, चेन

चाक उचला आणि फिरवा, दोन्ही चाकं. हलक्या धक्क्याने चाक बराच वेळ फिरत राहायला हवं. दोन-तीन फेऱ्यांत थांबलं तर ब्रेक घासतोय किंवा हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाची, बेअरिंग घट्ट झाली आहेत. डिस्क ब्रेकचा अधूनमधून येणारा बारीक 'सर्र' आवाज फारसं काही अडवत नाही. चाक थांबवणारी घासण मात्र शोधायलाच हवी. टायरची हवा त्याच्या कडेवर छापलेल्या मर्यादेत आहे ना, तेही आत्ताच पाहून घ्या.

सीट खाली असेल तर गुडघा कायम दुमडलेला राहतो आणि मांडीची पूर्ण ताकद पेडलपर्यंत पोचत नाही. चढावर हे लगेच जाणवतं. सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवा, पेडल अगदी खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्याला थोडासा बाक उरतो, तो बरोबर. कंबर डावी-उजवी हलायला लागली तर सीट जास्त वर गेली.

चेन पुसा, तेल द्या, आणि पट्टीने मोजा. एका पिनेच्या मध्यापासून बारा पूर्ण कड्या (एक आतली आणि एक बाहेरची मिळून एक पूर्ण कडी) मोजल्या तर नव्या चेनमध्ये अंतर ३०४.८ मिलिमीटर भरतं. साधारण ३०६.३ पर्यंत गेलं तर अर्धा टक्का झीज झाली. ११ किंवा १२ गिअरच्या कॅसेटवर तिथेच चेन बदलावी. १० किंवा कमी गिअर असतील तर ३०७ पर्यंत चालतं. ३०८ च्या आसपास असेल तर चेनबरोबर मागच्या चकत्यांचे दातही झिजलेले असणार, आणि नवी चेन जुन्या दातांवर घसरत राहील. म्हणजे कॅसेट तशीही बदलायचीच आहे. मग ती मोठ्या दातांची का घेऊ नये?

दात मोजा, पाय मोजा

इथवर सगळं ठीक निघालं आणि तरी गिअर संपत असेल, तर आता खरा प्रश्न आला. पुढच्या सर्वांत लहान चकतीचे दात मोजा. मागच्या सर्वांत मोठ्या चकतीचे मोजा. बहुतेक चकत्यांवर आकडा कोरलेला असतो. पुढच्याला मागच्याने भागा. पुढे ३४, मागे २८ असेल तर १.२१. पेडलचा एक पूर्ण फेरा झाला की मागचं चाक १.२१ वेळा फिरतं. ७०० मापाच्या चाकाचा घेर साधारण २.१ मीटर, म्हणजे एका फेऱ्यात सायकल अंदाजे २.५५ मीटर पुढे जाते.

हा आकडा पायांच्या भाषेत काय म्हणतो ते पाहा. माणूस, सायकल आणि पाणी मिळून ९० किलो धरा. नियमित सायकल चालवणारा हौशी माणूस बराच वेळ देऊ शकेल अशी १५० वॅट ताकद धरा. ८ टक्क्यांचा चढ, म्हणजे १०० मीटर पुढे गेलं की ८ मीटर वर. या हिशेबात वेग ताशी ७ किलोमीटरच्या आसपास येतो, मिनिटाला सुमारे ११८ मीटर. आता पायांचे फेरे (आधी पुढचे दात, मग मागचे):

३९/२५ वर मिनिटाला ३६,
३४/२८ वर ४६,
३४/३४ वर ५६,
३०/३४ वर ६४.

माणूस तोच, चढ तोच, वेग तोच, ताकदही तीच. काम कुठेच कमी झालेलं नाही; ते जास्त फेऱ्यांमध्ये वाटलं गेलंय, आणि म्हणून एकेका फेऱ्यात गुडघ्यावर पडणारा भार कमी झालाय. ३६ फेऱ्यांवर प्रत्येक पेडल म्हणजे जिन्याची उंच पायरी. ६४ वर पाय फिरतात.

स्वतःसाठी हा हिशेब करायला वॅट मोजायची गरज नाही. तुम्हाला जो चढ छळतो त्यावर जा. सर्वांत हलक्या गिअरमध्ये, बसून, टिकवता येईल अशा चालीने चढा, आणि ३० सेकंदांत उजवा गुडघा किती वेळा वर येतो ते मोजा. दुप्पट करा. समजा २१ वेळा आला, म्हणजे मिनिटाला ४२. तुम्हाला हवेत किमान ६०. मग आत्ताचा आकडा गुणिले ४२ भागिले ६०:

१.२१ × ४२ ÷ ६० = ०.८५

हा तुमचा आकडा. पुढे ३४ ठेवायचे तर मागे ४० दात हवेत. पुढे ३० केले तर मागे ३६ पुरतात. मोजणी अगदी शेवटच्या, पडायला आलेल्या पन्नास मीटरवर करू नका. चढाच्या मधल्या, सलग भागावर करा, नाहीतर हिशेब गरजेपेक्षा हलका येतो.

हलकेपणालाही एक तळ आहे. आकडा ०.६ च्या खाली गेला की ६० फेऱ्यांना वेग ताशी साडेचार किलोमीटरच्या आसपास राहतो. तेवढ्या वेगात सायकलचा तोल सांभाळणं कठीण होतं आणि चालत गेलं तरी फारसा फरक पडत नाही. ओझं लादून लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांना आणि कच्च्या वाटांवर जाणाऱ्यांना ०.६ ते ०.७ लागतो. मोकळ्या सायकलवर, डांबरी रस्त्याच्या मोठ्या चढांना, बहुतेकांना मी ०.८ ते १ च्या मध्ये बसवते.

इथे काही जण बिचकतात. मागची चकती ताटलीएवढी दिसते, लोक काय म्हणतील! टूर द फ्रान्समध्ये १९३७ पर्यंत डिरेलरला परवानगी नव्हती. त्या काळचे स्पर्धक डोंगराच्या पायथ्याशी उतरायचे, मागचं चाक काढायचे, उलटं करून दुसऱ्या बाजूची मोठी चकती चेनखाली आणायचे आणि मग चढायला लागायचे. जगातले सर्वांत दमदार पाय त्यांचे, आणि तरी हलक्या गिअरसाठी ते उतरून चाक फिरवत होते. तुम्ही एक मोठी चकती घेतलीत तर त्यात संकोच कसला?

सपाटीवरचा वेग जाईल ही भीतीसुद्धा बऱ्याचदा नाहक असते. पुढे ५० ऐवजी ४६ घेतले तरी ४६/११ वर मिनिटाला ९० फेऱ्यांत ताशी ४७ किलोमीटर मिळतात. त्याहून वेगात तुम्ही बहुधा उतारावरच जाता, आणि तिथे पेडल मारायची गरज नसते.

बदल करताना: आधी मागे, मग पुढे

सर्वांत स्वस्त बदल मागचा. पण आधी तुमच्याकडे कॅसेट आहे की फ्रीव्हील ते ओळखा, कारण दोन्ही वेगळ्या पद्धतीने निघतात. चाक काढा, चकत्या उलट्या दिशेने फिरवा. मधला खाचा असलेला भाग चकत्यांबरोबर फिरला तर कॅसेट, तो स्थिर राहिला तर आट्यांचं फ्रीव्हील, म्हणजे हबवर आट्यांनी आवळून बसवलेला चकत्यांचा संच. ७ गिअरच्या साध्या सायकलींवर बहुतेकदा १४-२८ चं फ्रीव्हील असतं, आणि १४-३४ चं घेतलं की सर्वांत हलका गिअर साधारण १८ टक्के हलका होतो. २४ वरून एकदम ३४ वर उडी बसते, ती पायाला जाणवते. पण चढावर शेवटी ३४ दात मिळतात, माझ्या मते सौदा चांगला आहे.

फ्रीव्हील आट्यांवर असल्यामुळे प्रत्येक पेडलने ते अधिकच आवळलं जातं. वर्षानुवर्षं न काढलेलं फ्रीव्हील घरच्या पान्याने हलत नसेल तर हट्ट करू नका; हत्यार घसरलं की खाचा जातात आणि मग मेकॅनिकलाही काढता येत नाही. पक्क्या व्हाइसमध्ये धरून ते दोन मिनिटांत सुटतं. कॅसेटला चेन व्हिप (चकत्या फिरू न देणारं हत्यार) आणि लॉकरिंगचं, म्हणजे कॅसेट धरून ठेवणाऱ्या कड्याचं, हत्यार लागतं, बसवताना लॉकरिंग ४० न्यूटन-मीटरपर्यंत आवळायची. आणि ११ ऐवजी १० दातांपासून सुरू होणारी कॅसेट साध्या हबवर बसत नाही, तिला वेगळी हब बॉडी लागते.

कॅसेट विकत घ्यायच्या आधी डिरेलरला विचारा. दोन गोष्टी बघायच्या. एक, तो किती मोठी चकती ओलांडू शकतो. दोन, किती सैल चेन गोळा करू शकतो. दुसऱ्याचा हिशेब असा: पुढच्या दोन चकत्यांमधला फरक अधिक मागच्या टोकांमधला फरक. पुढे ५०/३४ आणि मागे ११-३४ असेल तर १६ + २३ = ३९. डिरेलरची क्षमता याहून कमी असेल तर एका टोकाला चेन लोंबते. आखूड केजचे (केज म्हणजे दोन छोट्या चाक्या धरणारी पट्टी) रोड डिरेलर बऱ्याचदा २८ किंवा ३० दातांपर्यंतच असतात. ३४ साठी मध्यम किंवा लांब केज घ्यावा लागतो. रोडच्या शिफ्टरला माउंटन बाइकचा डिरेलर जोडायचा विचार असेल तर शिमानोच्या ८ आणि ९ गिअरमध्ये ते जमतं, १० गिअरपासून पुढे केबल ओढण्याचं प्रमाण बदललंय, तिथे जमत नाही. हँगर लांबवणारा छोटा जोड मिळतो. तो चालतो, मी लावलाही आहे. पण गिअर पडणं थोडं सुस्त होतं.

मोठी कॅसेट बसवून जुनी चेन तशीच ठेवणं ही सर्वांत महाग पडणारी चूक. चेन डिरेलरमधून न ओवता पुढच्या सर्वांत मोठ्या आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवर गुंडाळा. दोन टोकं जिथे भेटतात त्याहून एक पूर्ण कडी, म्हणजे एक आतली आणि एक बाहेरची, जास्त हवी. चेन आखूड असेल आणि चुकून मोठा-मोठा गिअर पडला, तर ती डिरेलर हँगरसकट उपटून काढते. नवी कॅसेट लावल्यावर डिरेलरचा 'बी' स्क्रूही जमवा: वरची चाकी आणि मोठी चकती यांत ५-६ मिलिमीटर मोकळी जागा, घासायला नको.

मागे जागा संपली तर पुढची लहान चकती. इथे बोल्टच्या वर्तुळाचं माप निर्णय देतं. पाच बोल्टच्या क्रँकवर, म्हणजे पेडलच्या ज्या दांड्यावर पुढच्या चकत्या बसतात त्यावर, शेजारच्या दोन बोल्टच्या केंद्रांमधलं अंतर मोजा. साधारण ७६ मिलिमीटर आलं तर वर्तुळ १३० चं, तिथे ३८ दातांहून लहान चकती बसत नाही. ६५ च्या आसपास आलं तर ११० चं, तिथे तळ ३३-३४. म्हणजे ३९ ची ३४ किंवा ३४ ची ३० करायची तर पूर्ण क्रँकच बदलावा लागतो. तीन चकत्यांचा क्रँक असेल तर नशीबवान आहात: आतल्या चकतीचं वर्तुळ बहुधा ७४ चं असतं आणि तिथे २४ दातांपर्यंत जाता येतं. फक्त आतली ३० ची चकती काढून २६ ची लावली की काम होतं.

क्रँक बदलायचा म्हणजे बॉटम ब्रॅकेटशी, क्रँक ज्यावर फिरतो त्या फ्रेममधल्या बेअरिंगशी, गाठ. त्याचे प्रकार बरेच आहेत आणि चुकीच्या मापाचा बसत नाही. क्रँक काढताना आट्या गेल्या, फ्रेम कार्बनची असेल, बॉटम ब्रॅकेट दाबून बसवलेला असेल, किंवा क्रँक धरून आडवा हलवल्यावर खेळ जाणवत असेल, तर हत्यार खाली ठेवा आणि जाणत्या मेकॅनिककडे न्या. कुठेही केसाएवढी चीर दिसली तर सायकल चालवत नेऊ नका, ढकलत न्या. पुढची मोठी चकतीही लहान झाली असेल तर पुढचा डिरेलर खाली घ्यायला विसरू नका. त्याची पट्टी मोठ्या चकतीच्या दातांपासून १ ते ३ मिलिमीटर वर हवी.

सगळं झालं की स्टँडवरच सगळे गिअर टाकून पाहा, मग सपाटीवर, आणि मग त्याच चढावर, त्याच टप्प्यात पुन्हा ३० सेकंद गुडघा मोजा. २१ चे ३० झाले असतील तर पाय जास्त फिरताहेत म्हणून सुरुवातीला दम लवकर लागेल. दोन-तीन आठवडे द्या, श्वास जुळवून घेतो. फेरे ६० च्या वर गेले, सीट बरोबर आहे आणि तरी गुडघा दुखतोच आहे, तर आता सायकलमध्ये आणखी काही बदलू नका. चढ बंद ठेवा आणि गुडघा डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा.